गाडीचा करंट अचानक जाणे

गाडीचा करंट अचानक जाणे म्हणजे कारमधला 12 व्होल्टचा सगळा वीजपुरवठा एका क्षणात बंद पडणं. डॅशबोर्डचे दिवे, हॉर्न, सेंट्रल लॉक, काचा, सेल्फ, कशालाच करंट नाही, गाडी डेड. बॅटरी उतरणं ही वेगळी गोष्ट आहे आणि हा फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवा. बॅटरी उतरते ती हळूहळू, आधी चार दिवस सकाळी सेल्फ जड फिरतो, हेडलाइट पिवळट होतात, तेव्हा कुठे ती बसते. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेली गाडी आज चावी फिरवताच काळोखात गेली तर बहुतेक वेळा बॅटरीत करंट असतोच, वाट कुठेतरी तुटलेली असते. तरी लोक आधी नवी बॅटरीच आणतात, आणि ती बसवताना टर्मिनल आपोआप घासून-आवळून निघतं म्हणून गाडी चालू पण होते, मग सगळ्यांना वाटतं बॅटरीच खराब होती. आमच्या घरच्या गाडीचं अगदी असंच झालं, नवी बॅटरी घातली, तीन आठवड्यांनी परत तेच, शेवटी दोष निघाला अर्थिंगच्या पट्टीत.

वाट तशी सोपी आहे. बॅटरीच्या प्लसकडून एक जाड केबल थेट सेल्फ मोटरला जाते, दुसरी मेन फ्यूजमधून फ्यूज बॉक्सला आणि तिथून इग्निशन स्विचकडे. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा आणि इंजिन, आणि तिथून बॅटरीच्या मायनसला येणाऱ्या अर्थिंगच्या केबल. सगळंच एकदम गेलं म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक भागात आहे : दोन टर्मिनल, मेन फ्यूज, अर्थिंग, इग्निशन स्विच किंवा खुद्द बॅटरीच्या आतली जोडणी. एकट्या वायपरचा किंवा रेडिओचा फ्यूज उडाला म्हणून अख्खी गाडी डेड होत नाही, त्यामुळे छोटे फ्यूज एकेक उपसत बसण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो टर्मिनलचा दोष. बॅटरीचा शिशाचा खुंट आणि त्यावरचं टर्मिनल यांच्यामध्ये पांढरी किंवा हिरवट-निळी पावडर धरते, कधी बाहेरून काहीच दिसत नाही पण आत काळपट थर असतो. समजा या सांध्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 0.1 ओहम झाला. आतला छोटा दिवा अर्धा अँपिअर घेतो, तेव्हा सांध्यावर 0.05 व्होल्ट जातात, दिवा लख्ख. हेडलाइट लावले, 10 अँपिअर, तर 1 व्होल्ट गेला, थोडा मंद प्रकाश. आणि सेल्फ मारला, तो शंभर-दीडशे अँपिअर मागतो, मग 12 व्होल्टमधले बहुतेक त्या सांध्यावरच खर्च होतात आणि एक टिक आवाज येऊन अख्खी गाडी काळी पडते. कधी तो सांधा तापून पूर्णच सुटतो आणि मग आतला दिवाही लागत नाही, दहा मिनिटांनी बॉनेट आपटलं की परत येतो. दिवा लागतोय म्हणून बॅटरीची लाइन ठीक असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

व्होल्टेज मोजायचा मीटर नसेल तर हेडलाइटची जुनी परीक्षा आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावायचे आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ फिरलाच नाही तर दोष सेल्फच्या बाजूला, रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच), क्लच स्विच वगैरे. दिवे हळूहळू मंद होत गेले तर बॅटरी कमजोर. दिवे फटकन गेले तर सांधा. ही परीक्षा अचूक नाही, पण दिशा बरोबर दाखवते.

मीटर असेल तर आधी थेट शिशाच्या खुंटांवर व्होल्टेज बघायचं, टर्मिनलवर नाही. 12.6 म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 च्या आसपास म्हणजे अर्धी, 10.5 दिसले तर सहापैकी एक सेल गेला असण्याची दाट शक्यता. पण निवांत बसलेल्या बॅटरीचं व्होल्टेज पुरेसं नाही, लोड टाकून बघावंच लागतं. सेल्फ मारताना खुंटांवर 9.6 च्या खाली जाऊ नये. मग मीटरची एक तार खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटाच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ मारायला सांगायचं, आकडा शून्याजवळ हवा. तिथे दोन-चार व्होल्ट दिसले तर दोष हाताखालीच आहे. तसंच मायनस खुंट ते इंजिनचं लोखंड, इथे साधारण 0.2 पर्यंत ठीक, आणि प्लस खुंट ते सेल्फचा बोल्ट, इथे 0.5 पर्यंत. याला व्होल्टेज ड्रॉप बघणं म्हणतात. केबल काढून ओहम मोजण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण केबलच्या सगळ्या तारा गंजून एकच शिल्लक असली तरी ओहममध्ये शून्यच दाखवतं.

गाडी पूर्ण डेड असेल तर हेडलाइटचा स्विच चालू ठेवून मीटरची काळी तार मायनस खुंटावर धरायची आणि लाल तार पुढे पुढे सरकवत न्यायची, खुंट, टर्मिनल, मेन फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची, फ्यूज बॉक्स. जिथे 12 व्होल्ट गायब झाले त्याच्या जरा आधी तुटलंय. सगळीकडे 12 मिळाले तर उलट करायचं, लाल प्लस खुंटावर आणि काळी पत्र्यावर, इथे नाही मिळाले तर अर्थिंग गेलं. वायरमन लोक या कामाला टेस्ट लॅम्प वापरतात आणि ते बरोबरच आहे, 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो त्यामुळे लटकत्या एका तारेवर तो फसत नाही, डिजिटल मीटर मात्र फसतो. फक्त ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) आणि एअरबॅगच्या वायरला बल्ब लावायचा नाही.

मेन फ्यूज उडायचं नेहमीचं कारण म्हणजे जंप केबल उलट्या लागणं. आधी प्लसला प्लस, मग चालू गाडीचा मायनस, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. मेन फ्यूज बोल्टने आवळलेला असतो, त्याच्या जागी तार गुंडाळून गाडी चालवू नये, गाडी पेटते.

चालत्या गाडीत करंट गेला तर प्रकरण गंभीर. इंजिन बंद पडतं, इलेक्ट्रिक स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबापुरताच उरतो, म्हणून ब्रेक सारखा पंप न करता एकदाच दाबून धरायचा आणि गाडी कडेला घ्यायची. जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिन दोरी ओढून बंद करायचे, तिथे करंट गेला तरी इंजिन चालू राहायचं, आताच्या गाड्यांत ते नाही. अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, गेला तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि गाडी बॅटरीवर काही अंतर जाते, त्यामुळे फटकन सगळं गेलं तर अल्टरनेटरवर संशय शेवटी. अमेरिकेत जनरल मोटर्सने 2014 मध्ये शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा सुमारे 26 लाख गाड्या इग्निशन स्विचसाठी परत मागवल्या. चावीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने स्विच चालूवरून मागे सरकायचा, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. म्हणून खड्ड्यात करंट जाऊन परत येत असेल तर चावी हलवून बघणं हा पोरखेळ नाही, ती खरी तपासणी आहे.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चालतोय का" बघायची सवय अजून काही ठिकाणी आहे. ते करू देऊ नका. बॅटरी निघाली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पट उसळू शकतं आणि ईसीयू जळतो. इंजिन चालू ठेवून खुंटांवर 13.8 ते 14.5 मिळाले की चार्जिंग ठीक आहे, एवढं पुरे.

टर्मिनल साफ करताना मायनस आधी काढायचा, शेवटी लावायचा. खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून धुवायचं, कोरडं करून खुंट चकचकीत घासायचा, आवळायचं आणि वरून व्हॅसलीन. कोकणात पावसाळ्याआधी अर्थिंगचा बोल्टही असाच उघडून पत्रा घासून घ्यावा, गंज तिथे रंगाखाली धरतो आणि वरून बोल्ट नवा दिसतो. गाडी महिनाभर उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरही बघाव्या लागतात.

इलेक्ट्रिक गाडीतही यातलं बरंच लागू आहे. खालची मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच) 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर ओढले जातात, ती मेली की चार्ज असलेली गाडी दारसुद्धा नीट उघडत नाही. तिथे तपासणी याच छोट्या बॅटरीपासून सुरू होते, मोठ्या बॅटरीच्या नारंगी रंगाच्या केबलला मात्र घरी हात लावायचा नाही.