बाखच्या अवशेषांची कवटीवरून ओळख

जर्मन संगीतरचनाकार योहान सेबास्तियन बाख (१६८५–१७५०) याच्या अवशेषांची ओळख लाइपझिग येथे १८९४-९५ मध्ये पटवण्यात आली. कवटीवरून चेहरा उभा करण्याच्या शास्त्राच्या इतिहासात हा प्रयोग पायाभूत मानला जातो. बाखला सेंट जॉन चर्चच्या दफनभूमीत पुरले, पण थडग्यावर खूण नव्हती. दक्षिण दारापासून सहा पावलांवर ते असल्याचे लोक परंपरेने सांगत. १८९४ मध्ये चर्चच्या पुनर्बांधणीसाठी तेथे खोदकाम होणार, तेव्हा शोध सुरू झाला. बाखची शवपेटी ओक लाकडाची असल्याची नोंद होती आणि १७५० मध्ये शहरात मरण पावलेल्या सुमारे १४०० जणांपैकी केवळ १२ जणांना अशी पेटी लाभली होती. २२ ऑक्टोबरला ओकच्या एका पेटीत वयस्क पुरुषाचा सांगाडा मिळाला.

तपासणीचे काम शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस याच्याकडे आले. हाडावर मांस किती जाड असते हे ठाऊक असल्याशिवाय कवटीला चेहरा देता येत नाही. म्हणून हिसने शवांच्या चेहऱ्यावर ठरावीक ठिकाणी, रबराची छोटी चकती ओवलेली बारीक सुई हाडाला टेकेपर्यंत टोचली. त्वचेला लागून चकती जिथे सरके, तिथपासून टोकापर्यंतचे अंतर म्हणजे त्या जागची जाडी. ही मापे पाळून शिल्पकार कार्ल सेफनर याने कवटीच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर मातीचा चेहरा घडवला आणि तो बाखच्या चित्रांशी जुळणारा निघाला. हे अवशेष बाखचेच असणे अत्यंत संभाव्य आहे, असा निष्कर्ष १८९५ मध्ये निघाला.

या निष्कर्षाची मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. नाकाचा शेंडा, ओठ आणि पापण्या हाडावरून नेमक्या कळत नाहीत, आणि बाखची चित्रे सेफनरला आधीपासून माहीत होती. कवटी चित्राशी मुळीच जुळली नाही, तर ती त्या व्यक्तीची नव्हे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. जुळली, तर तेवढ्यावरून ओळख सिद्ध होत नाही. त्यामुळे प्रस्तुत प्रकरणात दफनाच्या नोंदीतील ओकच्या पेटीचा पुरावा चेहऱ्याइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा ठरतो. अवशेषांच्या अस्सलपणाविषयी २००९ मध्येही संशोधकांनी शंका उपस्थित केली.

दुसऱ्या महायुद्धात सेंट जॉन चर्च बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. बाखने जेथे २७ वर्षे सेवा केली, त्या सेंट थॉमस चर्चमध्ये हे अवशेष १९४९ मध्ये हलवण्यात आले. चर्चबाहेरचा बाखचा १९०८ मधील पुतळा सेफनरनेच घडवलेला आहे.