मैत्रीचे ग्रंथ: चार मुठी पोह्यांपासून दीक्षाभूमीपर्यंत

ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की नागपुरातील सीताबर्डीच्या दुकानांतून मैत्रीदिनाच्या रंगीत फितींचे झुबके लटकू लागतात. हा दिवस तसा अलीकडचा. विसाव्या शतकात अमेरिकेतील शुभेच्छापत्रांच्या व्यापाराने त्याला चालना दिली; संयुक्त राष्ट्रांनी तर ३० जुलै ही तारीख २०११ मध्ये ठरवली. पुस्तकांतून मैत्री साजरी करण्याची आपली रीत मात्र फार जुनी आहे, आणि ती केवळ मुलांसाठी कधीच नव्हती.

पंचतंत्राची पाच तंत्रे आहेत. त्यांपैकी पहिले मित्रभेद आणि दुसरे मित्रसंप्राप्ती. मैत्री जुळण्याआधी ती तुटते कशी, हे सांगणारा ग्रंथ बाळगोपाळांपुरता कसा असेल? पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात दमनक कोल्हा ज्या शिताफीने विष कालवतो, ती कोणत्याही कचेरीत आजही ओळखू यावी. दुसऱ्या तंत्रात लघुपतनक कावळा मैत्री मागायला येतो, तेव्हा हिरण्यक उंदीर बिळातूनच विचारतो की भक्ष्य आणि भक्षक यांची मैत्री व्हावी तरी कशी. पंचतंत्रावर आधारलेला हितोपदेश १८१५ च्या सुमारास बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात मोडी लिपीत मराठीतून छापला गेला. नागपूरकर भोसल्यांची वंशावळही त्याच छापखान्यातून बाहेर पडली.

सुदाम्याच्या कथेत विदर्भाचा धागा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. भागवताच्या दशम स्कंधात त्याचे नाव येत नाही, तो केवळ कृष्णाचा एक ब्राह्मण सखा आहे. त्याची बायको शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. द्वारकेत या फाटक्या पाहुण्याला चवरी ढाळते ती रुक्मिणी, म्हणजे आपल्या विदर्भाची लेक. आणि कृष्ण दुसरी मूठ तोंडात घालू लागतो तेव्हा त्याचा हात धरते तीही तीच. कीर्तनकाराने हा प्रसंग रंगवला की आजोबांचे डोळे पाणावतात आणि नातवंडे पोह्यांवर हसतात; एकच कथा दोन वयांत अशी वेगवेगळी उतरते.

नागपुरात या परंपरेला वेगळेच वळण १४ ऑक्टोबर १९५६ ला मिळाले; त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील एका सुत्तात, म्हणजे उपदेशात, बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो की कल्याणमित्राची, म्हणजे सन्मार्गावर नेणाऱ्या मित्राची, संगत हे अर्धे ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धे धम्मजीवन आहे. बुद्ध त्याला सांगतात, अर्धे नव्हे, संपूर्ण. बाबासाहेबांनी लिहिलेल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथात मैत्री ही प्रेमाहून व्यापक ठरते, कारण ती माणसांपाशी न थांबता सर्व जीवांपर्यंत जाते. मैत्रीची इतकी विस्तृत व्याख्या ज्या ग्रंथात आहे, तो मैत्रीदिनाच्या यादीत क्वचितच दिसतो, हे मला खटकते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते. दूरदूरच्या गावांतून आलेली कुटुंबे शिदोरीच्या पिशवीतच पुस्तके ठेवतात. मागे एका दुकानाशी मी पाहिले की अक्षर न येणारी एक आजी नातीच्या हाती पुस्तक देऊन म्हणत होती, ‘आधी पहिलं पान वाचून दाखव, मग पैसे देतो.’ नात वाचू लागली. मागच्या रांगेतील दोघे-तिघे पुढे सरकून ऐकू लागले, आणि दुकानदाराने गर्दी हटवायचे सोडून खुर्ची पुढे सरकवली.