शेंगपेंडीपासून आघाड्यापर्यंत: माशांच्या खाद्यातल्या वनस्पतींची पार्श्वभूमी

कोल्हापूर भागात मासे पाळणाऱ्याला खाद्याचं विचारलं, तर पहिलं उत्तर भाताचा कोंडा आणि शेंगपेंड, निम्मं-निम्मं. राधानगरी, गगनबावड्याकडं भात भरपूर, त्यामुळं गिरणीतला कोंडा सहज मिळतो. पेंड तेलघाण्यावरून येते. म्हणजे वनस्पती आपल्या माशांच्या पोटात पहिल्यापासूनच आहे. अलीकडं बदललं ते एवढंच की पोट भरण्यापलीकडचं काम, म्हणजे वाढ, प्रतिकारशक्ती आणि प्रजनन यांना मदत, वनस्पतीकडून मागितलं जाऊ लागलं.

हे मागणं कुठून आलं, ते समजायला बीजापासून, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांपासून, सुरुवात करावी लागते. कटला, रोहू, मृगळ हे कार्प गटातले मासे साठलेल्या पाण्यात एरवी अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, नदीतूनच गोळा करावे लागत, आणि त्यात नको त्या जातीही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या गटातल्या माशांचं प्रजनन घडवलं. देशातल्या मत्स्यशेतीत याहून मोठी घटना माझ्या मते दुसरी नाही. पुढं तयार इंजेक्शनं आली. त्यांत पिट्युटरीला चालना देणाऱ्या हार्मोनसोबत डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला अडवणारं औषध असतं, कारण कार्प माशांत डोपामिन हाच प्रजननाचा ब्रेक आहे.

बीज मुबलक झालं, तळ्यांत गर्दी वाढली आणि गर्दीबरोबर रोग आले. जगभर त्यावर प्रतिजैविकं वापरली गेली. तिलापिया माशाची सगळी पिल्लं नर व्हावीत म्हणून खाद्यात मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर-हार्मोनही घातलं गेलं. माशांत उरणाऱ्या औषधांच्या अवशेषांचा आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न उभा राहिला. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघानं वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. पर्यायाचा शोध तोवर सुरू झालाच होता. लसणातलं अ‍ॅलिसिन, हळदीतलं कुरकुमिन, मेथीतली सॅपोनिनं माशांवर तपासली गेली. आपल्या बांधावर माजणारा आघाडासुद्धा सुटला नाही. दिल्ली विद्यापीठात त्याचं बी रोहू-कटल्याच्या खाद्यात घालून प्रतिकारशक्ती पाहिली गेली.

वाढीचं गणित त्या मानानं सरळ: पचन सुधारलं, रोग कमी झाला, की वजन वाढतं. प्रजननाचं तसं नाही, आणि "झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही" हे वाक्य मला इथंच धोक्याचं वाटतं. पपईच्या बिया तिलापियाची प्रजननक्षमता घटवतात. गोखरूचा अर्क पिल्लांना नर करण्यासाठी वापरून पाहिला गेला आहे. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे प्रजननाला मारक द्रव्य असतं, सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखं वागणारे घटक असतात. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असतं आणि शरीर त्यापासून डोपामिन बनवतं. मग ज्या माशाचा ब्रेकच डोपामिन आहे, त्याच्या नर-मादीला खाजकुयली द्यावी का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, मानवलं ते प्रजनक माशालाही मानवेल, असं धरून चालता येत नाही.

वनस्पती खऱ्या अर्थानं उपयोगी पडू शकते असा एक दुवा यकृताचा आहे. अंड्यातल्या पिवळ्या बलकासाठी लागणारं प्रथिन, व्हायटेलोजेनिन, मादीच्या यकृतात तयार होतं आणि रक्तातून अंडाशयात पोचतं. म्हणजे यकृत ठीक असेल तर अंडी भरतात. भुईआवळ्यासारख्या वनस्पतींकडं मत्स्यखाद्यवाल्यांचं लक्ष गेलं ते यकृतावरच्या त्यांच्या जुन्या लौकिकामुळं. पण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत शेंगपेंडीला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष घाव घालतं तेही यकृतावरच. तेव्हा भुईआवळा आणण्याआधी पेंडीचं पोतं जमिनीवरून उचलून फळीवर ठेवावं, आणि कुबट वास येणारी पेंड तळ्यात जाऊच देऊ नये.