ब्रिटनच्या रजिस्टरवर नाव लागायचं, तर…

नर्सच्या सरकारी नोंदणीसाठी जगातला पहिला स्वतंत्र कायदा केला न्यूझीलंडने, 1901 मध्ये. ब्रिटनमध्ये त्यासाठी 1919 उजाडलं. तिथे नोंदणीच्या विरोधकांत खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या; चांगली नर्स परीक्षेने ठरत नाही, असं त्यांचं मत. 1921 मध्ये रजिस्टर उघडलं तेव्हा पहिलं नाव लागलं एथेल बेडफोर्ड फेनविक यांचं. तीसेक वर्षं या कायद्यासाठी भांडलेल्या बाईंचा पहिला नंबर कोण अडवणार होतं?

बाहेर शिकलेल्या नर्सची तरतूद मूळ कायद्यातच होती, पण साम्राज्यापुरती आणि देवाणघेवाणीच्या बोलीवर: तुमच्या रजिस्टरवरची नर्स आम्ही घेऊ, आमची तुम्ही घ्या. म्हणजे आधी मायदेशी रजिस्टर हवं. मुंबई इलाख्यात त्याचा कायदा 1935 मध्ये आला, देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा 1947 मध्ये. आज आपल्या नर्स व्हेरिफिकेशनसाठी राज्याच्या कौन्सिलकडे अर्ज करतात, त्यामागची अपेक्षा तीच जुनी: मायदेशातल्या रजिस्टरने तुमची हमी घ्यावी.

1948 मध्ये एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली आणि माणसं कमी पडू लागली. कॅरिबियन बेटांवरून मुली शिकायला बोलावल्या, पण त्यांतल्या कितीतरी जणींना तीन वर्षांच्या रजिस्टर्ड कोर्सऐवजी दोन वर्षांच्या खालच्या कोर्सला बसवलं. त्या कोर्सवर बढतीही नाही आणि मायदेशी फारशी किंमतही नाही. माझ्या मते ही उघड फसवणूक होती.

भारतातून मोठ्या संख्येने नर्स गेल्या त्या 2000 नंतर. तेव्हा तिकडच्या एखाद्या हॉस्पिटलात देखरेखीखाली काही महिने 'अ‍ॅडाप्टेशन' करून नाव लागायचं. जागा मोजक्या, मागणी अफाट, एजंटांचं फावलं. मग 2006 मध्ये ब्रिटनने साध्या स्टाफ नर्सचं पद टंचाईच्या यादीतून (ज्या कामांना बाहेरून माणसं आणणं सोपं असतं, त्या यादीतून) काढलं आणि दार जवळजवळ बंद झालं.

आजची पद्धत 2014 ची. आधी आपल्याच देशात कॉम्प्युटरवर सीबीटी ही लेखी परीक्षा, मग ब्रिटनमध्ये ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. ऑस्कीची सुरुवातीला सहा स्टेशनं (एकेका कामाची चाचणी) होती, 2021 पासून दहा. औषध द्यायच्या स्टेशनवर गोळी हातात घेण्याआधी रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख विचारायची, ती मनगटावरच्या पट्टीशी ताडायची, अ‍ॅलर्जी विचारायची, आणि हे सगळं परीक्षकाला ऐकू जाईल असं. आपल्याकडे एकटीने अख्खा वॉर्ड ओढणाऱ्या सिस्टरला गोळी देता येतेच. नवीन असतं ते प्रत्येक पायरी बोलून दाखवणं.

इंग्रजीच्या अटीने त्याहून जास्त जणींना रडवलं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत 7 बँड, म्हणजे 9 पैकी 7 गुण, लागत. तक्रारी वाढल्यावर 2017 मध्ये ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षाही चालू लागली, 2018 मध्ये रायटिंगचा बँड 6.5 वर आला. भारतात रीतसर नर्सिंग शिकलेल्या कितीतरी जणी तिकडे केअर असिस्टंटच्या पगारावर अडकल्या होत्या, कारण काय तर अर्धा बँड. 2023 पासून, ब्रिटनमध्ये वर्षभर आरोग्यसेवेत काम केलेलं असेल आणि गुण थोडक्यात हुकले असतील, तर मालकाने इंग्रजीबद्दल दिलेली लेखी माहितीही पुरावा म्हणून धरली जाते.