नाकाच्या चाळणीतून मेंदूकडे

लालबागच्या आमच्या चाळीत कोणाकडे काय शिजतंय, हे आत्या गॅलरीत उभी राहून सांगायची. तिसऱ्या घरात सुकट भाजतायत, कोपऱ्यातल्या खोलीत आमटीला फोडणी पडलीय. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं आणि ती तिथेच, हाताच्या अंतरावर, मेथी निवडत बसली होती. सर्दी असेल, असं आम्ही सगळे म्हणालो. वास काही परत आला नाही. पुढे पाच वर्षांनी तिचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं, “वास यायचा कधीपासून बंद झालाय?”

आत्याला झाला तो पार्किन्सन्स. या मेंदूच्या आजारात हाताच्या कंपाआधी कित्येक वर्षं वासाची जाणीव मंदावू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. २००३ साली हायको ब्राक या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृतांच्या मेंदूंचा बारकाईने अभ्यास करून मांडलं, की या आजारात पेशींमध्ये साचणाऱ्या प्रथिनाच्या गाठी, म्हणजे लेवी बॉडी, आधी दिसतात त्या वासाशी संबंधित भागात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला. हालचाल सांभाळणाऱ्या पेशींची पाळी नंतर येते.

एकट्या आत्याला हा आजार का झाला, ते कोणी सांगू शकणार नाही, आणि मी मुंबईच्या हवेवर तो ठपका ठेवत नाही. पण त्या दिवसापासून नाक या अवयवाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले.

नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशी म्हणजे खऱ्याखुऱ्या चेतापेशी. मेंदूच्या बाकीच्या चेतापेशी कवटीच्या आत बंदिस्त असतात. यांची टोकं मात्र उघड्यावर, केवळ पातळ ओलाव्याखाली. त्यांचे तंतू एका हाडाच्या बारीक भोकांतून वर जाऊन थेट मेंदूच्या ऑलफॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे वासाच्या पहिल्या केंद्रात, पोहोचतात. त्या हाडाच्या लॅटिन नावातच चाळणी आहे. मेंदू आणि बाहेरची हवा यांच्यात इतकं कमी अंतर शरीरात दुसरीकडे कुठेच नाही.

ही वाट विज्ञानाला नवी नाही. १९३० च्या दशकात पोलिओचा विषाणू याच तंतूंवरून माकडांच्या मेंदूत शिरतो असं दिसलं होतं. म्हणून १९३७ मध्ये टोरांटोत सुमारे ५,००० मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारून ते दार बंद करायचा प्रयत्न झाला. पोलिओ थांबला नाही, कारण माणसात तो मुख्यतः तोंडावाटे जातो. उलट काही मुलांची वासाची जाणीव मात्र गेली. ही हकीकत मला फार अस्वस्थ करते. वाट सापडली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, हे त्या मुलांनी स्वतःची किंमत मोजून दाखवलं.

धुराचे कण त्या वाटेने जातात का? २००४ मध्ये अमेरिकेत ग्युंटर ओबरडोर्स्टर यांच्या गटाने उंदरांना कार्बनचे कण हुंगवले, साधारण ३६ नॅनोमीटरचे. आपला केस त्यांच्या हजारपटीहून जाड असतो. कार्बनचा वेगळा समस्थानिक, म्हणजे जरा जड अणू, वापरल्यामुळे कण ओळखू येत होते, आणि ते ऑलफॅक्टरी बल्बमध्ये सापडले. त्याच सुमारास मेक्सिको सिटीत लिलियन काल्देरोन-गार्सिदुएन्यास रस्त्यावरच्या आणि घरातल्या कुत्र्यांचे मेंदू तपासत होत्या. खूप प्रदूषित भागातली वयस्क कुत्री गोंधळतात, मालकालाही ओळखेनाशी होतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या कुत्र्यांच्या नाकात आणि मेंदूत दाह आढळला.

मग २०१६ मध्ये ब्रिटनच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या बार्बरा मेहर यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ मृतांच्या मेंदूत मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय ऑक्साइड, शोधलं. शरीर स्वतःही मॅग्नेटाइट बनवतं, पण ते कण टोकदार स्फटिकांसारखे असतात. हे बहुतेक कण गोल होते, वितळून थिजलेल्या थेंबांसारखे. असा आकार इंजिनाच्या ज्वलनात किंवा ब्रेकच्या घर्षणात, प्रचंड उष्णतेत येतो. लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक लागतात आणि लोखंड तापल्याचा तो वास येतो, तेव्हा मला हे गोल कण आठवतात. आपल्या नव्या लोकल आणि विजेवरच्या बस थांबताना मोटरच जनित्रासारखी चालवून वेग कमी करतात, चाकावर ब्रेक घासायची वेळ कमी येते. विजेची बचत म्हणून सुरू झालेल्या या सोयीचा हा फायदा कोणी सांगत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा आला. अमेरिकेतल्या ५ कोटी ६५ लाख रुग्णांच्या नोंदींमध्ये, जिथे पीएम २.५, म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जास्त तिथे लेवी बॉडीच्या आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. अशा आकडेवारीने फार काही सिद्ध होत नाही. प्रदूषित भागात गरिबी असते, आवाज असतो, अपुरी झोप असते. म्हणून संशोधक उंदरांकडे वळले. दहा महिने पीएम २.५ मिळालेल्या साध्या उंदरांचा मेंदू आक्रसला, स्मरण घसरलं. पण ज्या उंदरांच्या शरीरात अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिनच बनत नाही, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. लेवी बॉडी बनतात त्या याच प्रथिनापासून. म्हणजे धूर सरसकट मेंदू जाळत नाही, तो एका ठरावीक प्रथिनाला बिघडवतो, असं दिसतं. मला या सगळ्या संशोधनातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नेमकी कडी कळली तर औषध शोधायला जागा मिळते.

नाक हेच एकमेव दार, असं मात्र समजू नका. २०२५ च्याच फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या एका प्रयोगात २६ जणांना तासभर मेणबत्तीच्या धुरात बसवलं. चार तासांनी त्यांचं लक्ष सहज विचलित होत होतं, चेहऱ्यावरच्या भावना ओळखणं अवघड जात होतं. कोणी नाकाने श्वास घेतला, कोणी नाकाला चिमटा लावून तोंडाने, पण परिणामात फरक नव्हता. फुप्फुसात दाह होतो आणि त्याचे रासायनिक निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात, ही दुसरी वाट. डिमेन्शियावरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशावरच्या, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० पासून हवेच्या प्रदूषणाला टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घेतलंय.

आता मुंबई. थंडीच्या दिवसांत रात्रीचा वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि सकाळी परळच्या टॉवरचे शेंडे धुरकटात गायब होतात. आपण मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघतो. त्यात आठ प्रदूषक धरलेत, आणि कणांचा हिशेब वजनाने होतो: घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम. भारताची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५.

पण वजन केलं की लहान कण हरवतात. २.५ मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचा एक कण शेजारी ठेवा. कलिंगडापुढे हिरवा वाटाणा ठेवल्यासारखं. व्यास २५ पट, म्हणजे वजन १५,६२५ पट. तराजूत एक कलिंगड आणि पंधरा हजार वाटाणे सारखेच. चाळणीतून वर जाऊ शकतात ते वाटाणे, आणि आपण मोजतो ते कलिंगड. हवा मोजणारी स्वस्तातली घरगुती यंत्रं लेसरच्या प्रकाशावर चालतात, त्यांना ०.३ मायक्रॉनखालचे कण जवळपास दिसतच नाहीत. शिवाय मुंबईच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढलेला दिसतो.

दिलासा एवढाच, की चांगल्या मास्कला हे अतिसूक्ष्म कण चुकवता येत नाहीत. ते इतके हलके असतात की हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्या तरी धाग्याला चिकटतात. गाळणीतून निसटतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, ना लहान ना मोठे. भरकटण्याच्या याच स्वभावामुळे ते नाकाच्या ओल्या अस्तरालाही चिकटतात.

संख्या मोजणं अशक्य नाही. वाहनांच्या धुरासाठीच्या, एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांत डिझेल गाडीच्या धुराड्यातून किलोमीटरला ६०० अब्जांहून जास्त कण निघू नयेत अशी मर्यादा आहे. गाडीच्या धुराड्यापाशी आपण कण मोजतो आणि ज्या नाक्यावर माणसं श्वास घेतात तिथे वजन करतो, हे मला पटत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या हवा-निर्देशात निवडक केंद्रांवर अतिसूक्ष्म कणांची मोजणी सक्तीची केलीय. सायन सर्कल, माहुल, गोवंडी इथे तरी असं एकेक यंत्र हवं.

यंत्रही सुरेख आहे. हवा अल्कोहोलच्या वाफेतून नेतात आणि थंड करतात. दिसू न शकणाऱ्या प्रत्येक कणाभोवती वाफ जमून थेंब होतो, आणि थेंब मोजता येतात. आकाशात ढग बनतो तसंच. स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने पाण्याच्या वाफेवर हे एकोणिसाव्या शतकातच करून दाखवलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लादीपावाची बेकरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. भट्टीत जुन्या फर्निचरचं, रंग लावलेलं लाकूड जातं आणि रात्रभर त्यासमोर उभे राहतात ते कारागीर, म्हणून तो आदेश मला मनापासून हवासा वाटला. गॅसने काजळीचं वजन खूप घटेल. पण गॅसच्या ज्योतीतूनही अतिसूक्ष्म कण निघतात. किती घटले हे तराजू सांगणार नाही.

त्या बेकरीचा पहाटेचा वास आत्याला आता येत नाही. दूध तापायला ठेवलं की ती भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहते. अर्ध्या लिटरला सात मिनिटं, हे तिने स्वतः मोजून काढलंय.