एक्मो संशोधनातील फलनिष्पत्तींचे प्रमाणीकरण

हृदय किंवा फुप्फुसे निकामी झालेल्या अत्यवस्थ रुग्णाचे रक्त शरीराबाहेर घेऊन, कृत्रिम पटलातून त्यात प्राणवायू मिसळून व कार्बन डायऑक्साइड काढून टाकून ते पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचारपद्धतीला एक्मो म्हणतात. या उपचारावरील सर्व संशोधनांत किमान काही फलनिष्पत्ती (उपचाराचे रुग्णावर दिसणारे परिणाम) समान व्याख्येने, समान साधनाने आणि समान कालावधीनंतर मोजल्या जाव्यात, यासाठी त्यांचा एक सर्वसंमत संच ठरवणे म्हणजे प्रमाणीकरण होय. अशा संचाला गाभा-संच म्हणता येईल. संशोधकाला याखेरीज आणखी काही मोजण्याची मुभा असते. गाभ्यातील बाबी मात्र वगळायच्या नसतात.

या प्रमाणीकरणाची गरज दोन प्रमुख चाचण्यांवरून स्पष्ट होते. ब्रिटनमधील ‘सीझर’ चाचणीत (२००९) १८० रुग्ण होते आणि सहा महिन्यांनंतर तीव्र अपंगत्वाशिवाय जगणे हा तिचा मुख्य निकष होता. एक्मोच्या विचारासाठी विशेष केंद्राकडे पाठवलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ४७ टक्के आढळले. फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या ‘इओलिया’ चाचणीत (२०१८) २४९ रुग्ण होते आणि तेथे ६० दिवसांतील मृत्यू मोजले गेले. ते एक्मो गटात ३५, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के होते. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. मुख्य निकष वेगळे असल्याने हे दोन निष्कर्ष थेट शेजारी ठेवता येत नाहीत. २०२० मध्ये दोन्ही चाचण्यांतील सर्व ४२९ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून ९० दिवसांतील मृत्यूंची तुलना झाली, तेव्हा ३६ विरुद्ध ४८ टक्के असा स्पष्ट फरक दिसला. एवढ्या गंभीर आजारात चाचणीसाठी रुग्ण मिळणे अवघड असते; म्हणून प्रत्येकाची माहिती इतरांच्या माहितीशी जोडता येणे हे संशोधकांचे कर्तव्यच मानले पाहिजे.

केवळ मृत्यू मोजूनही भागत नाही. टोरांटोतील संशोधकांनी २००३ मध्ये तीव्र श्वसनविकारातून वाचलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांची क्षमता बरीचशी पूर्ववत झालेली होती. तरीही सहा मिनिटांत ते चालू शकणारे अंतर अपेक्षित अंतराच्या सुमारे ६६ टक्केच भरले. स्नायूंची दुर्बलता, विस्मरण, नैराश्य हे परिणाम अनेकदा घरी गेल्यावर अधिक जाणवतात आणि रुग्णालयाच्या कागदपत्रांत ते सहसा उमटत नाहीत. ‘व्हेंटिलेटरविरहित दिवस’ (पहिल्या २८ दिवसांपैकी रुग्ण कृत्रिम श्वसनयंत्राशिवाय जिवंत राहिला ते दिवस) या प्रचलित मापातही अडचण आहे : २८ दिवसांत मृत्यू पावलेला आणि २८ दिवस व्हेंटिलेटरवर राहून पुढे वाचलेला, या दोघांच्याही नावे शून्यच नोंदले जाते.

गाभा-संच सहसा डेल्फी पद्धतीने ठरवतात. डॉक्टर, परिचारिका, संशोधक, बरे झालेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक प्रत्येक निष्पत्तीला १ ते ९ गुण देतात, इतरांचे एकत्रित गुण पाहतात आणि पुढच्या फेरीत आपले मत पुन्हा नोंदवतात. किमान ७० टक्के सहभागींनी ७ ते ९ गुण दिले आणि १ ते ३ गुण देणारे १५ टक्क्यांहून कमी असले, तर एकमत झाल्याचे अनेक अभ्यासांत मानले जाते. एक्मोसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवरील असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचलेल्या रुग्णांच्या आवाजाला यात मिळालेले स्थान ही या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू आहे.

काय मोजायचे हे ठरले, तरी कशाने मोजायचे हा प्रश्न अधिक चिवट असतो. तीव्र श्वसननिकामीपणातून वाचलेल्यांसाठी २०१७ मध्ये ठरलेल्या संचात जीवनमानासाठी (जगण्याच्या गुणवत्तेसाठी) ‘ईक्यू-५डी’ व ‘एसएफ-३६’ या प्रश्नावल्यांवर आणि मानसिक स्वास्थ्यासाठी आणखी दोन प्रश्नावल्यांवर एकमत झाले. शारीरिक क्षमतेच्या साधनावर मात्र ते होऊ शकले नाही. शिवाय प्रश्नावली रुग्णाच्या भाषेत असावी लागते, आणि तिच्या भाषांतराची त्या भाषकांमध्ये स्वतंत्र पडताळणी झालेली असावी लागते.