डोअर्स: रश कोणता आणि ॲम्बुश कोणता?

चवथीला डिचोली-फोंड्याकडच्या घरांत भावंडं जमली की आरत्या, जेवणं आटोपल्यावर एका फोनभोवती पोरांचा घोळका बसतो. बहुतेकदा डोअर्स हा भुतांचा गेम चाललेला असतो. मध्येच ओरडा होतो, "लप, लप, रश आला!" खेळणारा कपाटात शिरतो, आवाज निघून जातो, तो सुटलो म्हणून बाहेर येतो आणि तिथेच मरतो. कारण आलेला रश नव्हता, ॲम्बुश होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये एलस्प्लॅशने रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमिंग प्लॅटफॉर्मवर आणलेला हा गेम. झपाटलेलं हॉटेल, एकामागून एक खोल्या, दारांवर आकडे आणि गाठायचं ते शंभरावं दार. भुतं बरीच आहेत, पण गल्लत होते ती या दोघांची, कारण दोघेही खोल्यांमधून वेगाने धावत येतात आणि दोघांपासून वाचायला कपाटासारख्या जागेत लपावं लागतं.

रश सरळ आहे. दिवे लुकलुकतात, लांबून घरघर सुरू होते, ती वाढत जाते आणि काळपट, तोंड वासलेला चेहरा दिवे फोडत निघून जातो. पेडणे स्टेशनावर न थांबता धडधडत जाणारी गाडी आठवा. ती गेली की गेली. कपाटातून बाहेर या, पुढचं दार शोधा.

ॲम्बुश कमी वेळा भेटतो. त्याचा चेहरा हिरवट, वेग जास्त, आवाज कर्कश. पण रंग बघून ओळखू म्हणाल तर तोवर उशीर झालेला असतो. खरा फरक असा की तो जातो आणि परत येतो. दोनदा येईल, कधी पाच-सहादा. आकडा आधी कळत नाही.

मग आवाज थांबेपर्यंत कपाटातच बसून राहावं, असं वाटेल. तेही चालत नाही. फार वेळ लपून राहिलात की हाइड नावाचं भूत तुम्हाला बाहेर ढकलतं, आणि ते नेमकं ॲम्बुश परतताना झालं तर संपलंच. म्हणून तो पुढे गेला की क्षणभर बाहेर यायचं आणि आवाज पुन्हा वाढायच्या आत शिरायचं. कपाटापासून पाऊलभरही लांब जाऊ नका. पूर्ण शांतता झाली की मगच पुढचं दार.

मला या गेममधली ही सगळ्यात हुशार रचना वाटते. रश तुम्हाला लपायची सवय लावतो आणि ॲम्बुश त्याच सवयीवर घाला घालतो. रशपुढे मरतो तो उशिरा लपणारा. ॲम्बुशपुढे मरतो तो वेळेवर लपून घाईने बाहेर पडणारा.

सगळं कानांवर आहे. अंधाऱ्या खोलीत दिवे लुकलुकलेले दिसणारच नाहीत. त्यात आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर कोसळत असला तर फोनच्या स्पीकरवर घरघर आणि किंचाळी यांतला भेद लागणं अशक्य, हेडफोन लावाच. बावन्नाव्या दाराशी जेफच्या दुकानात क्रॉस मिळाला तर घेऊन ठेवा. तो हातात धरलेला असला की रश असो वा ॲम्बुश, जागीच जखडला जातो. पण क्रॉस एकदाच चालतो, तेव्हा जवळ कपाट असताना रशवर घालवू नका. आणि भावंडांबरोबर खेळत असाल तर एका कपाटात एकच जण मावतो, खोलीत शिरतानाच कोण कुठे लपणार ते बोलून घ्या.